बरोबर सिद्धतेला शून्य

मंडळी, आज स्टाफरूममधून अक्षरशः किळस घेऊन घरी आलोय.

मी शिरपूरकडच्या एका शाळेत शिकवतो. नववीतली एक मुलगी सातपुड्यातल्या पाड्यावरून येते. भूमितीच्या पेपरात दोन त्रिकोण एकरूप आहेत हे सिद्ध करायचं होतं. गाईडमध्ये ते बाकोबा कसोटीने केलंय. हिने दोन कोन आणि मधली बाजू समान दाखवून कोबाकोने केलं. अगदी बिनचूक. तरी शून्य!

ती विचारायला आली, तर पेपर तपासणारे सर हसले. "पाड्यावरच्या पोरीला हे सुचलं? कोणाचं पाहिलंस?"

मी तिच्या हातात खडू दिला. तिने फळ्यावर आकृती काढून सगळी सिद्धता लिहिली, प्रत्येक पायरीला कारण देऊन. सरांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. "गाईडप्रमाणे नाही, तर मार्क नाही." बाकीचे चहा पीत राहिले.

शेवटी मुख्याध्यापकांशी भांडून मी तिला मार्क मिळवून दिले. पण बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, आते गाईडनंच लिखू का?"

म्हणजे, आता गाईडमधलंच लिहू का? तुम्ही काय सांगितलं असतं?