उजव्या हाताचे टाके

"हे तुम्हीच शिवलंय, काकू. उगाच नाही म्हणू नका."

"मी? मला काय हौस आलीय दुसऱ्याचा गृहपाठ करून द्यायची?"

"मग कुणी शिवलं? घरात तिसरं आहे कोण, मांजर?"

"मॅडम, जीभ आवरा. माझ्या माणसाच्या धडक्या हाताला मोजा चढवून त्याला पांगळा करता, वर आळ माझ्यावरच!"

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत दोघींच्या मधे टेबलावर पांढऱ्या कापडाचा तुकडा होता. पलीकडे खुर्चीत मास्तर होते आणि भांडण दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखे ऐकत होते.

मास्तर शिंपी. जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाइकाचा एक खांदा पडका असेल तर ते कोट असा बेतायचे की त्याच्या बायकोलाही कळू नये. दुपारचा डबा तिथेच, मशीनपाशी, एकट्याने. काकू घरी काजं-बटणं करायच्या. नवरा-बायको शेजारी बसून जेवणार ते कुणाच्या लग्नात, तेही पंगतीत जागा मिळाली तर.

मग एका सकाळी कातर हातातून गळली. पक्षाघात. उजवी बाजू गेली. पाय काठी धरून उठला. हात मात्र रुसून बसला.

व्यायामाच्या मॅडमनी डाव्या हाताला जाड मोजा चढवला. "हा पुढे पुढे करतो म्हणून तो आळसावलाय," त्या म्हणाल्या. घरी जेवायचं उजव्याने, कापडावर टाके घालायचे उजव्याने. आता चालवला नाही तर हात कायमचा जाईल. काकूंना त्या बाईचा पहिल्या दिवसापासून संशय होता. आज मॅडमना काकूंचा आला होता.

"चमचा धरवत नाही म्हणता, मग सुई कशी धरवते? खरं सांगा, तुम्ही भरवता ना?"

"भरवते! उपाशी ठेवू? दोन घासांत सगळं अंगावर सांडतात."

"इथे तर पेला उचलतात."

"तुमच्यासमोर सगळंच होतं. माझ्यासमोर का नाही होत?"

"मास्तर, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी वर पाहिलं. "पंखा... पुसायला... झालाय."

काकूंनी कापड ओढून घेतलं, चष्मा लावला आणि त्या खिडकीपाशी गेल्या.

"माझा टाका बारीक असतो. हे बघा, एक लांब, एक आखूड. आणि..." त्यांचं बोट शिवणीवरून सरकता सरकता थांबलं. "डाव्याने घातला असता तर टाका उलटा कलला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे उजव्यानेच शिवलंय. यांनी."

"मास्तर! अहो, हात आला की तुमचा!" मॅडमनी टाळीच वाजवली. "आता घरात कशाला बसायचं? सोमवारपासून दुकानात जा. डबा घेऊन जा, तिथेच उजव्याने जेवा. यापेक्षा चांगला व्यायाम नाही."

मास्तरांचा चेहरा पडला. मॅडमना तो दिसला नाही, काकूंना दिसला.

"मी अंघोळीला गेले की शिवायचात? चोरून?" काकूंचा आवाज खाली आला. "आणि जेवायला बसलं की हात लुळा. काल म्हणालात, चमचा जड आहे. मी मेली लाकडी चमचा शोधत घरभर फिरले."

"काकू, जाऊ द्या, बरा झाला ना हात..."

"तुम्ही थांबा हो. मी यांच्याशी बोलतेय." त्या खुर्चीजवळ आल्या. "दुकान नको झालंय का तुम्हाला? की मी समोर बसून घास भरवते, ते सुटेल म्हणून हे नाटक? काय ते एकदा सांगा. जन्मात कधी 'बस माझ्याजवळ' म्हणाला नाहीत. मी कसं ओळखायचं?"

मास्तरांनी दातांनी मोजा ओढला आणि टेबलावर टाकला.

"मास्तर, मोजा!" मॅडम ओरडल्या.

त्यांनी डाव्या हाताने काठी घेतली, हळूहळू उठले, बायकोकडे न बघता दारापर्यंत गेले आणि उजव्या हाताने कडी उघडून बाहेर पडले.