मंटपाच्या खुर्च्या आणि ट्रस्टची मॅडम

“या शाळेला टीचरची गरज दिसत नाही,” ट्रस्टची मॅडम म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

“थँक्यू मॅडम!” आमचे हेडमास्तर पाटील सर हात जोडून म्हणाले. चेहरा असा, की जणू मेडल मिळालं.

दाराशी उभी असलेली सुमा मटकन पायरीवर बसली. आपण तिच्या पोटावर पाय देऊन थँक्यू म्हणतोय, हे सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी बेंगळुरूत राजाजीनगरच्या मागच्या बाजूला एका जुन्या प्रायमरी शाळेत आया आहे. आया म्हणजे झाडायचं, घंटा द्यायची, पोरांची नाकं पुसायची. शिक्षण चौथी. मला रिटायर करायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही आणि मीही आठवण करून देत नाही.

सुमा आमच्याच शाळेत शिकलेली, गल्लीतल्या ऑटोवाल्याची मुलगी. टीचर व्हायचं म्हणून तिने एका ट्रस्टची स्कॉलरशिप घेतली. त्यात बाँड असतो. म्हणजे शिक्षणाचा खर्च ट्रस्ट करतो आणि पास झाल्यावर मुलीने काही वर्षं ‘हाय-नीड’ शाळेत शिकवायचं. हाय-नीड म्हणजे जिथे शिकवायला कुणी येत नाही अशी शाळा. सुमाने आमची शाळा मागितली. शाळा खरंच गरजू आहे का, हे बघायला मॅडम आली होती. मॅडम नाही म्हणाली तर सुमाची रवानगी रायचूरकडे. आणि बापाने आधीच सांगून ठेवलेलं, “एवढ्या लांब एकटी नाही जायचं. त्यापेक्षा लग्न कर.”

आमची शाळा गरजू होतीच. एक टीचर, एक हेडमास्तर, आणि उरलेला वर्ग माझ्या गळ्यात. मी पाढे म्हणून घ्यायची. बाराच्या पुढे मलाच येत नाहीत, त्यामुळे पोरंही तिथेच थांबलेली.

पण पाटील सर निपाणीकडचे, जुन्या वळणाचे. जन्मभर त्यांनी इन्स्पेक्शनसाठी शाळा सजवली. साहेबांना काही कमी दिसलं की मेमो यायचा. त्यामुळे कुणी बघायला येतंय म्हटलं की सरांचे हात आपोआप चालायला लागतात. समोरच्या कल्याण मंटपातून, म्हणजे लग्नाच्या हॉलमधून, त्यांनी पोरांना बसायला खुर्च्या आणल्या. पांढरी कव्हरं, पाठीला गुलाबी रिबिनीची फुलं. कुंड्या आणल्या. उभा फॅन आणला. आणि गल्लीतल्या टेलर शांतम्माला सिल्कची साडी नेसवून दुसरी टीचर म्हणून उभी केली.

मी सकाळीच म्हटलं होतं, “सर, ती गरज बघायला येतेय. इथे लग्न नाही लावायचं.”

“गौराक्का, तुला इन्स्पेक्शन कळत नाही. पाहुण्यांसमोर कुणी फाटकं नेसून जातं का?”

आता मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. “सर, तिने नाही म्हटलंय.”

“नाही कुठे? काही कमी नाही म्हणाली.”

“कमी नाही, म्हणून सुमा मिळणार नाही.”

सरांचं तोंड उघडं ते उघडंच. “मग आता सांगायचं कसं? सगळं खोटं ठरेल.”

“तुम्ही सांगूच नका,” म्हटलं आणि फाटकाशी गेले. तिथे मंटपाचा रंगप्पा माणसं घेऊन ताटकळत होता. मॅडम गेल्याशिवाय आत यायचं नाही, असं सरांनी त्याला बजावलं होतं.

“अक्का, गेली का ती? आमच्याकडे साखरपुडा आहे.”

“नाही गेली. तू चल. सगळ्या खुर्च्या आत्ताच ने.”

“सरी,” म्हणजे बरं, म्हणाला आणि घुसला. भराभर खुर्च्या उचलत तो मॅडमपर्यंत पोचला. “मॅडम, स्वल्प उठता का? मुलाकडची माणसं आलीत.”

मॅडम उठली. पोरंही उठली, कपाटामागे दडवलेली आपापली पोती काढून जमिनीवर अंथरली आणि रोजच्या जागी बसली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तेवढ्यात एक पोरगी शांतम्माला म्हणाली, “आंटी, आईने विचारलंय, ब्लाउज झाला का?”

“उद्या देते म्हणावं,” शांतम्मा सवयीने म्हणाली.

मॅडमने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. “मग यांचा वर्ग खरं कोण घेतं?”

सगळी बोटं माझ्याकडे.

“तुमचं शिक्षण?”

“चौथी.”

“आणि वर्ग कितवीचा घेता?”

“चौथीचा.”

मॅडम तापली. “ही चक्क फसवणूक आहे! असल्या शाळेत मी आमची मुलगी पाठवू?”

मला वाटलं, खुर्च्यांबरोबर मी सुमाची नोकरीही घालवली.

सुमा पायरीवरून उठली. रडली नाही ते बरं झालं. रडणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. म्हणाली, “मॅडम, मी इथे शिकत होते तेव्हाही सर खुर्च्या आणायचे. आम्ही इन्स्पेक्शनची वाट बघायचो. तेवढाच एक दिवस खुर्चीवर बसायला मिळायचं. इथे काय काय नाही ते मला पाठ आहे. दुसऱ्या शाळेत तेच शोधण्यात माझं वर्ष जाईल.”

मॅडम बसायला जागा शोधू लागली. ब्लाउजवाल्या पोरीने पोतं सरकवलं. कडक इस्त्रीच्या साडीत मॅडम त्यावर बसली आणि तिने विचारलं, “तेराचा पाढा कुणाला येतो?”

कुणालाच नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं.

मॅडमने पेनाचं टोपण काढलं.

जूनमध्ये सुमा रुजू झाली. पोरं आता विसापर्यंत पाढे म्हणतात, मी घंटा देते. मॅडम हल्ली न सांगता येते. तिला बघितलं की सर अजून मंटपाकडे निघतात, आणि मी फाटकाला कडी घालते. मदत मागायची असेल तर घर आवरून बसू नये, एवढं मला त्यातून कळलं.

त्या दिवसातून सर, सुमा आणि मी, तिघंही नोकरीसकट वाचलो. शांतम्मा टेलरच राहिली.