कसायाला न दिलेली घोडी

झुल्माला आमच्या गल्लीत कुणी भोळी म्हटलं असतं, तर ऐकणारा हसून खुर्चीवरून पडला असता. अंडं ती आधी वेगळ्या वाटीत फोडून बघायची. पाव विकत घेण्याआधी दाबून बघायची, आणि तिनं दाबलेले पाव बेकरीवाला मुकाट्यानं बाजूला ठेवायचा. मी नालबंद. तिच्या घरच्या घोडीला नाल मीच ठोकायचो. माझं काम झालं की झुल्मा वाकून प्रत्येक खिळ्यावर अंगठा फिरवायची. मला त्याचा राग आला नाही कधी. जी बाई पाद्रीबाबांच्या प्रवचनावरही "बघू या" म्हणते, तिनं माझे खिळे का सोडावेत?

तिचा नवरा सिरिएल घोडीवर बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, धरायचा. आमच्या किनाऱ्यावर हा धंदा आजोबा-पणजोबांपासूनचा. ओहोटी लागली की ब्राबांट जातीचा धिप्पाड घोडा छातीभर पाण्यात घालायचा आणि मागं बांधलेलं जाळं किनाऱ्याला धरून ओढत न्यायचं. जाळ्याच्या तोंडाशी साखळी असते. ती तळाला घासली की करंदी उडते आणि जाळ्यात शिरते. वर बसलेल्या माणसाला गढूळ पाण्याखालचं काही म्हणजे काही दिसत नाही. तळ कळतो तो फक्त घोड्याच्या पायांना.

त्यांच्या घोडीच्या कपाळावर पांढरा पट्टा होता, म्हणून नाव ब्लेस. मार्च महिन्यातल्या एका सकाळी ती एकटीच घरी आली. खोगीर पोटाखाली लोंबत होतं, खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या करंड्या फुटलेल्या, आणि अंगातून समुद्राचं पाणी निथळत होतं. झुल्मा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली चादर हातातच राहिली. थोड्या वेळानं शेजारचा ओमेर आपल्या गाडीत सिरिएलला घालून घेऊन आला. ओमेरही करंदीच धरायचा. सिरिएलचा खुबा मोडला होता.

सिरिएलनं सांगितलं ते असं: घोडी भर पाण्यात एकाएकी पिसाळली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं त्याला फेकलं. जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या लाकडी फळीवर तो आपटला. इस्पितळात नेण्याआधीच त्यानं कसायाला निरोप धाडायला लावला. पिसाळलेला घोडा समुद्रात नेता येत नाही, आणि समुद्रात न जाणाऱ्या एवढ्या मोठ्या जनावराला पोसणार कोण? यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटलं नाही. घोड्याचं मांस विकणारं दुकान बाजारात होतंच.

झुल्मानंही आधी मान डोलावली. नवरा मरता मरता वाचला होता. ती तबेल्याच्या दारात उभी राहून घोडीकडे बघायची ती खुनी माणसाकडे बघावं तशी.

पण दुसऱ्या दिवशी ओमेर आला. टोपी हातात धरून उंबऱ्यातच उभा राहिला. घोडी कसायाला देऊ नकोस, मी घेतो, म्हणाला. झुल्माच्या मनात पाल चुकचुकली. पिसाळलेली घोडी शहाणा माणूस कशाला घेईल? तिनं विचारलं, तू तिथंच होतास ना, काय झालं ते सांग. ओमेर म्हणाला की तो लांब होता आणि धुकं होतं.

 अपघाताच्या सकाळी झुल्मानं चादरी वाळत घातल्या होत्या, आणि धुक्यात चादरी वाळत घालणारी बाई ती नव्हती. म्हणजे ओमेर खोटं बोलत होता. आणि खोटं बोलत होता म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. तिच्या डोक्यात मग भलभलतं येऊ लागलं. यानंच घोडीला बुजवलं असेल? ब्लेससारखी घोडी अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती, ती स्वस्तात पदरात पाडून घ्यायचा याचा डाव असेल? तिनं कसायाला परत पाठवलं, ओमेरलाही नाही म्हणून सांगितलं. "मला आधी कळू दे," एवढंच मला म्हणाली. घोडीकडून कसं कळणार, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून विचारावंसं वाटलं नाही.

ब्लेस तबेल्यात कोपऱ्याकडे तोंड करून उभी असायची. कुणी आत आलं की कान मागं आणि मागचा एक पाय उचललेला. झुल्मानं तिला आंजारलं नाही, गोंजारलं नाही, की गोड बोलली नाही. ती स्टूल घेऊन आत बसायची आणि कॉफी प्यायची. घोडी तिच्यावर नजर ठेवून, ती घोडीवर. मी एकदा नाल बघायला गेलो तर दोघी अशा बसल्या-उभ्या होत्या की जणू एकमेकींच्या खिशात चोरीचा माल शोधताहेत.

"ती जवळ येत नाही," मी म्हणालो.

"येऊ नयेच," झुल्मा म्हणाली. "मीही तिच्याजवळ गेले नसते."

पण एके दिवशी घोडी वळली आणि कपाचा वास घेऊन गेली. मग झुल्मानं खरारा हातात घेतला. पुढं तोंडाला म्होरकी चढवली. मग दोर सैल सोडून अंगणात चालणं. घोडी थांबली की झुल्मा थांबे, दोर ओढत नसे. ही काही तिनं कुणाकडून शिकलेली विद्या नव्हती. दोराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे तिला बघायचं होतं, आणि दोर ताणला की ते दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

यात तिला एक गोष्ट दिसली. तिनं केस सारखे करायला उजवा हात वर नेला की घोडी झटक्यानं मान डावीकडे फेकायची. झुल्मानं मुद्दाम तिच्यासमोर झाडू उचलून पाहिला, काही नाही. टोपी उचलली, नुसते कान हलले. मग सिरिएलची काठी आणली. जाळ्यात अडकलेलं समुद्री गवत सोडवायला तो ती पुरुषभर लांबीची काठी खोगिराला लावून न्यायचा. ती काठी बघताच घोडीच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत कातडी थरथरायला लागली.

"ही काठी ओळखते," झुल्मा मला म्हणाली. "कुणाच्या हातातली, ते विचारायचंय."

सिरिएल घोडीला कधी मारत नाही, हे सगळा गाव सांगत असे आणि सिरिएल स्वतः सगळ्यात जास्त. तेव्हा तिचा संशय पुन्हा ओमेरवरच गेला.

एप्रिलमध्ये ती घोडीला किनाऱ्यावर नेऊ लागली. आमच्याकडे तोवर बायका करंदी चाळायच्या, उकडायच्या, विकायच्या. घोड्यावर बसून पाण्यात जायच्या नाहीत. कॅफेत चेष्टा सुरू झाली. एक म्हणाला, घोडीनं नवऱ्याला फेकलं, बायको हिशेब चुकता करायला निघालीय. दुसरा म्हणाला, छे, आता घोडीच आधी हिला दाबून बघेल. झुल्मापर्यंत हे पोचलंच. ती म्हणाली, बघू दे की.

आधी नुसतं लाटेच्या कडेनं चालणं. लाट आली की घोडी झुल्माकडे बघायची आणि झुल्मा घोडीकडे. मग गुडघाभर पाणी. मग पाठीवर बसून. पाऊल टाकायला सांगायचं, टाकलं की लगेच लगाम सैल सोडायचा आणि थोडं थांबायचं. नंतर मागं रिकामं जाळं बांधून. घोडी एकदाही पिसाळली नाही. आणि याचीच झुल्माला धास्ती वाटू लागली, कारण जे एकदा झालं ते पुन्हा कधी होईल हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती काठी तिनं रोज खोगिराला लावून नेली. घोडीनंही हळूहळू तिथं लावलेली काठी सोसली, पण एक कान सतत तिकडेच असे.

ओमेर रोज आपल्या घोड्यावरून दूर मागं असायचा. ती वळली की तो वळायचा. हा पाळत ठेवतोय, याची तिला खात्रीच झाली होती.

मे महिन्यात एका सकाळी तिनं पहिल्यांदा खरं जाळं टाकलं. हवा स्वच्छ होती, ओहोटी पूर्ण लागलेली. पाण्याखालच्या वाळूच्या पहिल्या लांबट उंचवट्यापलीकडे, म्हणजे पहिल्या दांड्यापलीकडे, चांगली करंदी लागली. सिरिएल नेहमी त्याच्याही पुढं, दुसऱ्या दांड्याकडे जायचा, म्हणून तिनंही घोडी तिकडे घातली. पाणी घोडीच्या छातीला लागलं, आणि ब्लेस थांबली.

झुल्मानं टाच दिली. घोडी हलेना. पुन्हा दिली. घोडीनं कान मागं टाकले, मान ताठ केली आणि पाय रोवले. मागून जाळं जड होत चाललं होतं.  हेच ते, असं झुल्माला वाटलं, तिनं नंतर मला सांगितलं. आता ही उभी राहणार, आणि मी जाणार. तिचा हात काठीकडे गेला. काठी वर उचलली तशी घोडी थरथर कापू लागली. पण उभी राहिली नाही, वळली नाही, पुढं सरकली नाही. मार खायला तयार असल्यासारखी नुसती उभी.

दुसऱ्या कुणी तिथं काठी मारली असती. पण झुल्मा ताकही फुंकून पिणारी. घोडीवर विश्वास नव्हता, तसा स्वतःवरही कुठं होता? तिनं काठी खाली आणली, वाकून घोडीच्या छातीपुढं पाण्यात खुपसली. काठी गेली ती गेलीच. हात खांद्यापर्यंत भिजला तरी तळ लागेना. मग तिनं तीच काठी आपल्या पायाजवळ खुपसली. खट्कन वाळूला लागली.

हिवाळ्यातल्या वादळांनी दोन दांड्यांमधला चर सरकवून अलीकडे आणला होता. आणखी एक पाऊल, आणि घोडी, जाळं, झुल्मा सगळं त्यात गेलं असतं.

तिनं काठी सोडून दिली. लगामही सैल सोडला. ब्लेसनं एकेक पाय चाचपत अंग वळवलं आणि आल्या वाटेनं तिला बाहेर आणलं.

ओमेर घोडा पळवत किनाऱ्यावर आला होता. चेहरा पांढराफटक. झुल्मा खाली उतरली आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "त्या दिवशी धुकं नव्हतं."

"नव्हतं," ओमेर म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. सिरिएल त्याच जागी होता. घोडी थांबली. त्यानं तिला काठीनं मारलं, मानेवर, मग डोक्यावर, थांबेचना. शेवटी ती उभी राहिली आणि तो पडला. पण घोडी पळाली नाही. सिरिएलनं जाळ्याचा दोर धरला होता, आणि तिनं त्याला तसाच ओढत उथळ पाण्यात आणला. ओमेरनं जाळं सोडवून त्याला उचलल्यावरच ती घराकडे धावली.

"मग बोलला का नाहीस?"

"त्यानं वचन घेतलं माझ्याकडून. तसाच रक्तबंबाळ पडलेला असताना. नाही कसं म्हणू?" ओमेर टोपी चुरगाळत म्हणाला. "घोडी मी घेतो म्हटलं, ती तेवढी वाचावी म्हणून. आणि तू पाण्यात जायला लागलीस, तेव्हापासून माझी झोप उडाली."

"चर सरकलाय हे तरी सांगायचंस."

"आज सांगणार होतो. तू मला बघितलंस की तोंड फिरवतेस."

हे मात्र खरं होतं, आणि झुल्मानं ते मान्य केलं. माफी बिफी मागितली नाही. करंदीनं भरलेल्या एका करंडीतली अर्धी तिनं त्याच्या करंडीत ओतली आणि घरी निघाली.

सिरिएल खिडकीशी पलंगावर होता. तिनं ओले बूटही काढले नाहीत. खुर्ची ओढून बसली आणि जे पाहिलं, जे ऐकलं, ते आवाज न चढवता सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मारलंस ते समजू शकते," ती म्हणाली. "भीतीनं माणूस मारतो. आज माझाही हात उठला होता. पण तिनं तुला ओढून आणलं, आणि तू तिला कसायाकडे धाडत होतास."

 मग सिरिएल म्हणाला, "सगळा जन्म मी लोकांना सांगत आलो की मी घोड्याला काठी लावत नाही. रागाच्या भरात कसायाचं बोलून गेलो. मग मागं घेता येईना. मागं घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"मग आता सांग."

"कुणाला?"

"कॅफेत. सगळ्यांना. ती पिसाळलेली नव्हती एवढं सांग, बाकीचं तुझं तू बघ."

जूनमधल्या एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, तो कुबड्या घेऊन कॅफेत आला. मी होतो तिथं. घोडीचा दोष नव्हता, पुढं चर होता आणि मी तिचं ऐकलं नाही, असं त्यानं ग्लासाकडे बघत सांगितलं. काठीचं बोलला नाही. सगळ्यांनी ओमेरकडे पाहिलं. ओमेरनं आपली बिअर संपवली आणि हवामानाचं काढलं. सिरिएलनं त्या दिवशी घोडीला काठीनं मारलं होतं, हे झुल्मानं मला सांगितलं ते पुढं कित्येक वर्षांनी, सिरिएल वारल्यावर.

त्याचा पाय कायमचा आखूड राहिला. तो परत घोड्यावर बसला नाही. समुद्रात झुल्मा जाऊ लागली आणि सिरिएल अंगणात कढईवर करंदी उकडू लागला. मीठ किती घालायचं यावरून दोघांची रोज जुंपायची, आणि उकडलेली करंदी ती रोज तोंडात टाकून बघायचीच. नवा घोडा शिकवायचा असला की लोक त्याला तिच्याकडे आणू लागले. ती त्याला ब्लेसच्या मागं बांधून पाण्यात न्यायची. शिकवते काय, असं विचारलं तर म्हणायची, मी काही शिकवत नाही, तो थांबला की मी का थांबला ते बघते. लोकांना यात काहीतरी गुपित आहे असं वाटायचं. ती काहीतरी लपवते, असंही काही जण म्हणत.

सिरिएलनं घोडीशी जमवून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. गाजरं नेली, सफरचंदं नेली. ब्लेस त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभी राहायची आणि मान फिरवायची. शेवटी त्याचं ठरून गेलं. संध्याकाळी तो चंदीची बादली घेऊन लंगडत तबेल्यात जायचा, ती गव्हाणीत रिकामी करायचा, दार लोटून घ्यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. तो बसला की आतून घोडीचं खाणं सुरू झाल्याचा आवाज यायचा. तो आवाज येईपर्यंत तो घरात जात नसे.