कमान कळलेला माणूस

दाणेदार पदार्थात कमान कशी तयार होते, या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत पुरवणी घेऊन लिहिलं होतं. तेव्हापासून हा विषय आपल्याला कळतो, असा माझा पक्का समज झाला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या कॉलेजातून बाहेर पडून कामठी रोडवरच्या एका कारखान्यात मी शिकाऊ इंजिनियर म्हणून चिकटलो होतो. अंगात शहाणपण इतकं, की काही विचारू नका!

तिथं बॉयलरच्या वर कोळशाचा बंकर होता. म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला, चांगला तीन पुरुष खोल लोखंडी हौद. खालचं दार उघडलं की कोळसा आपोआप बॉयलरकडे घसरायचा. एका सकाळी दार सताड उघडं, वर हौद निम्म्याहून जास्त भरलेला, आणि खाली चिमूटभर चुरा पडेना. कोळसा ओला होता. बाहेरून घण मारून झाले, तरी तो ढिम्म. तिकडे वाफ उतरत चाललेली.

"लटकला," बंकरचा मुकादम म्हणाला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

"लटकला नाही, कमान झाली," मी म्हणालो आणि खडूनं पत्र्यावर आकृतीच काढली. खालचा कोळसा निघून गेला की वरचा उतरू पाहतो. पण जागा निमुळती, म्हणून तुकडे एकमेकांत अडकतात, एकमेकांना रेटतात. तो रेटा भिंतींवर जातो आणि भिंतींशी घासून तुकडे तिथंच धरले जातात. वरचा सगळा भार मग ही कमान भिंतींवर टाकते.

"म्हंजे खाली पोकळ हाय."

"अर्थात!" एवढं बोलून मी कोळसा फोडायची लोखंडी सब्बल उचलली आणि शिडीवरून आत निघालो.

"काहून उतरून राहिले, साहेब? आत्ताच तं पोकळ म्हणले!"

"अहो, जी कमान एवढा कोळसा पेलते, तिला माझं काय ओझं?"

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो होतो.

"दोराबिगर तिथं कोनी उतरत नाई," म्हणत त्यानं माझ्या छातीला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. मी वैतागलो. "मी काय बैल आहे?"

"बैल असल्या जागी पाय देत नाई, साहेब."

सगळे हसले. मी तोऱ्यात उतरलो. एक तुकडा सरकला की बाकीच्यांचा आधार जातो, हे माझ्याच उत्तरात लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं. तिसऱ्यांदा सब्बल मारली आणि पायाखालचं सगळंच गेलं. "आई गं!" म्हणेपर्यंत तोंडात कोळसा. छातीपर्यंत गाडला गेलो, खाली ओढला जात होतो, आणि काखेत दोर करकचून रुतला. चौघांनी मिळून वर काढलं. चष्मा तेवढा बॉयलरमध्ये गेला. खाली कोणीतरी आनंदानं ओरडलं, "आला, आला!" कोळसा आला होता.

चहा आला तेव्हा माझं लक्ष गेलं. मुकादमाला कप धरता येत नव्हता. दोर सरकून दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. सोबतीच्या माणसानं बशी त्याच्या तोंडाला लावली. मला इतकी लाज वाटली, की मी उठून अहवाल लिहायला गेलो. दोन पानं, सुबक आकृती, 'सब्बलीने कमान मोडण्यात आली.' कोण पडलं, कोणी धरलं, अवाक्षर नाही.

मोठे साहेब खूश. कोळसा पुन्हा अडला, तेव्हा त्यांचा निरोप आला: परवासारखीच मोडा.

मुकादम दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळून आला. माझ्या छातीभोवती दोर घेतला, पण बोटांनी गाठ आवळेना. मग त्यानं ती दातांनी ओढली. कपडे घालून घेणाऱ्या पोरासारखा मी हात वर करून उभा. दुसरं टोक तो तसल्याच हातांनी धरायला निघाला.

"काका, राहू द्या," मी म्हणालो. "मी उतरत नाही. कोणीच उतरणार नाही."

गाठ सोडायलाही थांबलो नाही. दोर मागे फरफटत तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "साहेब, परवा मी पडलो होतो."