सगळे आबा एका फाइलीत

जे काम हातानं तासाभरात उरकेल, ते आपोआप व्हावं म्हणून मी अख्खा दिवस घालवतो. बायको याला आजार म्हणते. रांजणगावच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथं हाच आजार हुशारी म्हणून खपतो. सासुरवाडीला मात्र तो खपला नाही.

माझं घर केंदूरला, सासुरवाडी भांडगावला. गेल्या लग्नसराईत धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि केडगावच्या फोटोग्राफरनं सगळे फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांचं एकच म्हणणं होतं : ज्याला ज्याला फेटा बांधला, त्याला त्याचा फोटो मोबाईलवर गेला पाहिजे. आमच्याकडं लग्नात जेवायला काय होतं हे लोक आठ दिवसांत विसरतात, पण आपल्याला फेटा बांधला की नुसत्या टॉवेल-टोपीवर भागवलं, हे पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत लक्षात राहतं. मामा गावच्या विकास सोसायटीत आहेत. त्यामुळं फेट्याचा पुरावा महत्त्वाचा.

पेन ड्राइव्ह उघडला तर सगळ्या फाइलींना कॅमेऱ्यानं दिलेले नुसते आकडे.

"पाव्हणं, ह्यातनं मानूस कसा हुडकायचा?" मामांनी विचारलं.

"त्यात काय मामा? तुम्ही फक्त कोण कोण ते सांगा. सगळ्या फाइलींची नावं एका झटक्यात बदलतो."

झटका बसला, एवढं खरं.

हे काम मी शेल स्क्रिप्टनं करणार होतो. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. ही फाइल घे, तिचं नाव असं कर, झालं की पुढची घे. तो मुकाट्यानं करतो. रानातला गडी असता तर निदान एकदा तरी "असं का?" म्हणाला असता.

मी कॉटवर लॅपटॉप घेऊन बसलो, मामा शेजारी खुर्चीवर. फोटो उघडायचा, मामांनी कोण ते सांगायचं, मी आकडा आणि त्याच्यापुढं नाव टाईप करायचं. बायको गव्हाचं सूप घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "नाव टाईपच करताय, तर तिथल्या तिथंच फाइलीला का देत नाही?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य तिनं जपून ठेवलंय. अजून ती मला ते महिन्यातनं एकदा तरी ऐकवते.

मामा सांगत होते, "हे आप्पा. हे केडगावचं मामा. हे आबा. हे तात्या. हे... हे बी आबाच."

वडीलधाऱ्याचं नाव मामा तोंडानं घेत नाहीत. त्यांच्या पिढीत कुणीच घेत नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, हे कुठले आबा?"

"अवो, कुठलं म्हंजी? आबा! आपलं आबा!"

"आणि मघाचे ते?"

"ती बी आपलंच की."

जावयानं तिसऱ्यांदा विचारायचं नसतं. विचारलं तर पाव्हण्याला आपली माणसं ठावी नाहीत, असं होतं. मी गुमान 'आबा' टाईप केलं. पुढं पुन्हा आबा आले, आप्पा आले, तात्या आले. खरं तर त्याच वेळी माझ्यातल्या कॉम्प्युटरवाल्यानं दचकून उठायला हवं होतं. पण तो जावई म्हणून आलेला होता आणि दुपारच्या श्रीखंड-पुरीनं सुस्तावला होता.

आता यातली खरी मेख सांगतो. तुम्ही माऊसनं फाइलीचं नाव बदलायला गेलात आणि त्या नावाची फाइल आधीच तिथं असेल, तर कॉम्प्युटर थांबून विचारतो की, बाबा रे, काय करू? चिठ्ठीतली जी आज्ञा मी वापरली, एमव्ही नावाची, ती विचारत नाही. दुसरे आबा आले की ती पहिल्या आबांना पुसते आणि त्यांच्या जागी दुसऱ्यांना बसवते. तिसरे आले की दुसरे गेले. तिला विचारायला लावता येतं. त्यासाठी एकच अक्षर जादा लिहावं लागतं. ते मी लिहिलं नाही, कारण सारखं कुणी काही विचारलं की मला वैताग येतो.

वर हे सगळं मी थेट पेन ड्राइव्हवरच केलं. लॅपटॉपवर आधी एक प्रत काढून घ्यावी, हे मी कंपनीत नव्या पोरांना दरडावून सांगतो. पण लॅपटॉपवर जागा नव्हती आणि जागा करायचा कंटाळा आला होता.

बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. पडद्यावर तक्रारीचा एक शब्द नाही. मामा म्हणाले, "झालं? एवढ्यात?" मी नुसता हसलो. तसं हसणाऱ्या माणसाला तिथंच कुणीतरी मुस्काटात मारायला हवी. मग त्याच झोकात फोटो मोबाईलवर पाठवायला बारीक केले, तेही त्याच पेन ड्राइव्हवर लिहिले, आणि फोटो न उघडता, नुसतं नाव बघून, मामा सांगतील त्याला धाडत सुटलो.

पहिलं उत्तर आलं ते आवाजात रेकॉर्ड केलेलं. मी मोठ्या आवाजात लावलं, कारण मला वाटलं कौतुक असेल.

"पाव्हणं, ह्यो कोन मानूस? जिलेबी खातोय. आमी जिलेबी खायाला आलतो व्हय तुमच्याकडं? असू द्या. तुमच्या सासऱ्याला म्हनावं, कळलं आमाला."

मामांचा चेहरा उतरला. हे बोलणारे आबा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. वस्ती बांधाच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, पण पाईपलाईन कुणाच्या रानातनं न्यायची यावरून दोघांची बोलचाल कित्येक वर्षं बंद. पुतणीच्या लग्नाला आबा आले खरे, पण मांडव भरायच्या आधीच आले आणि स्टेजवर चढणार नाही म्हणाले. मग मामांनी सगळी गडबड टाकून, आचाऱ्यांच्या चुलवणाशेजारी उभ्या उभ्या, स्वतःच्या हातानं त्यांना फेटा बांधला. व्हिडिओवाला तेव्हा नवरदेवाच्या घोड्यापुढं होता. जवळून चाललेल्या फोटोग्राफरनं तेवढा एक फोटो टिपला. मामांना सगळ्या लग्नातला तोच हवा होता, हे मला आत्ता कळत होतं. फेट्याचा पुरावा बिरावा सगळं वरवरचं.

पेन ड्राइव्ह पुन्हा उघडला. गावच्या गाव आटून चार फाइलींत मावलं होतं. एक आबा, एक आप्पा, एक तात्या, एक केडगावचे मामा. शिल्लक आबा सगळ्यांत शेवटचे, मांडववाल्याचे कुणीतरी, तोंडात जिलेबी.

फोटोग्राफरला फोन लावला. "दादा, कार्ड कवाच पुसलं. तिथीवर तिथी हायेत, ठिवू कुठं?" मग पुसलेलं परत काढायचे जेवढे उपाय मला येतात, तेवढे केले. पण माझेच बारीक केलेले फोटो पुसलेल्यांच्या जागेवर जाऊन बसले होते. शेवटी एक तुकडा हाती लागला. वर गुलाबी फेटा, त्यावर मामांचे दोन हात, आणि खाली सगळा करडा पट्टा.

मामांनी चष्मा लावून पाहिलं. "फेटा हाय. मानूस न्हाई." चष्मा काढला. "पाव्हणं, तुमी घालवला, तुमीच आना."

इतक्या आदरानं मला कुणी झापलेलं नाही.

बांधावरनं जायची वाट फांद्या टाकून बंद केलेली, म्हणून मी गाडीवरनं कॅनॉलकडनं वळसा घालून आबांच्या वस्तीवर गेलो. आबा गोठ्यापुढं बसले होते. मी समजावायला लागलो, "आबा, असं बघा, एका खुंट्याला एक बैल बांधलाय. दुसरा आणून त्याच खुंट्याला बांधला, की पहिला..."

"पहिला कुठं जातोय? दावं सोडल्याबिगर?"

"कॉम्प्युटरमध्ये जातो, आबा."

"मग वाईट गोठा हाय तुमचा."

मी खुंटा सोडून दिला. "आबा, मुद्दाम नाही झालं. सगळ्यांचेच गेले. आप्पांचाही गेला."

"आप्पाचा? सोसायटीच्या चेअरमनचा?" आबा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट वळले. "काय सांगता!" त्यांनी त्या बातमीची चव घेतली. मग उठून बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "परत काढू म्हना. फेटा बांधू दे आन् काढू. पन आता म्या न्हाई यायचा. म्या येकदा आलो. त्येला म्हनावं, हितं ये."

परत वळसा घालून मामांच्या घरी. निरोप ऐकून मामा म्हणाले, "म्या? तिकडं?" आतनं मामी म्हणाल्या, "ते आलं का न्हाई लग्नाला? स्टेजवर न्हाई चढलं, पर आलं." मामा उठले. कपाटातनं लग्नातला एक उरलेला फेटा काढला, काखेत मारला आणि माझ्यामागं गाडीवर बसले. कॅनॉलभर ते मला ऐकवत होते की माणसानं एवढं शिकून फाइलीचं नाव बदलता येऊ नये म्हणजे कमाल आहे. मी पुढंच बघत राहिलो, कारण जावयानं गाडी चालवताना मागं बघू नये.

आम्हाला बघून आबा उभे राहिले. ये म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मामांनी फेटा उलगडला. मी मोबाईल धरून सज्ज. एक वेढा झाला, दुसरा झाला.

"जरा जवळ सरका," मी म्हणालो. दोघंही हलले नाहीत.

"लग्नात बरा बांधला हुतास," आबा म्हणाले.

"मान हालवू नगा." मामांनी तिसरा वेढा ओढला.

आबा मामांच्या खांद्यावरनं पलीकडं बघत होते. "तुझ्या पाईपलाईनच्या व्हॉल्वातनं पानी गळतंय. महिना झाला बघतोय."

मामांचे हात थांबले. "महिना? आन् सांगायचं न्हाई?"

"बोलत हुतो का आपन?"

"आवो, उसाचा पार चिखल झाला आसंल तिथं! ती लाईनच चुकीची टाकलीय, म्या तवाच म्हनत हुतो..."

"तू म्हनत हुतास? म्या म्हनत हुतो!"

आणि दोघं निघाले. आबा पुढं, अर्धा फेटा डोक्यावर, अर्धा पाठीमागं लोळतोय. मामा मागं, ते लोळणारं टोक हातात गोळा करत, तोंडानं भांडत. आबांनी बांधावरची एक फांदी पायानंच बाजूला सारली. मी तसाच मोबाईल धरून उभा. सगळा रविवार माझा यात गेला होता.

"मामा!" मी ओरडलो. "आबा! फोटो राहिला!"

"थांबा वो पाव्हणं!" उसातनं दोघांचाही आवाज एकदम आला, आणि पाठोपाठ पाईपवर काहीतरी ठोकल्याचा.

थोरल्या मामी, म्हणजे आबांच्या मंडळी, दारात आल्या. "घेतला का फोटू?"

"नाही ना."

"मग बसा," त्या म्हणाल्या. "आता त्येंचं लवकर उरकत न्हाई. भाकरी टाकते."