बाटलीला कुंकू

नारळ फोडायचा होता दगडावर. फुटली बाटली. नारळाला साधा ओरखडाही आला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं महिनाभर मिरजगावात ज्यानं त्यानं मला अडवून एवढंच विचारलं, "सर, नारळाला कुठं लागलं तर न्हाई ना?"

बाटली रविराजची होती. अठरा वर्षं स्कॉटलंडातल्या कुठल्याशा पिपात निवांत मुरलेली, त्याच्या मेव्हण्यानं परदेशातून येताना लेकरासारखी मांडीवर घेऊन आणलेली. सोनेरी झाकण, जाड बुडाची काच. मार्चच्या पहिल्या रविवारी भर बारा वाजता लंकामावशीच्या सारवलेल्या अंगणात ती माझ्या हातून गेली. नारळ ओला होता, हात घामेजला होता आणि नेम, शाळेत खडू फेकण्यापलीकडे मी कधी धरलेला नव्हता.

आता स्कॉचच्या बाटलीपुढं नारळ कशाला, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांची लंकामावशीशी ओळख नाही.

लंकामावशी म्हणजे अंगदची आई. अंगद जेसीबी चालवतो. मिरजगावापासून दोन-अडीच किलोमीटरवर रानात त्यांची वस्ती आहे: एक घर, एक लिंब, तीन गाई आणि मोजता येणार नाहीत इतक्या कोंबड्या. मावशीचं वय सत्तरीच्या अलीकडं, उंची बेताची आणि आवाज बांधाच्या पलीकडं जाईल असा. उभ्या आयुष्यात तिनं दारूचा थेंब घेतलेला नाही. तरीही आमच्या तालुक्यात स्कॉचमधलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

सुरुवात झाली ती अंगदच्या चोरीतून. त्यानं पहिली स्कॉच घेतली आणि आईच्या धाकानं कडब्याच्या गंजीत लपवली. मावशी गाईला वैरण काढायला गेली, ती पेंढी सोडून बाटलीच घेऊन आली. अंगदला वाटलं, आता ही आपल्या डोक्यात फुटणार. मावशीनं ती पाटावर ठेवली आणि म्हणाली, "नवी वस्तू घरात चोरपावलानं आली तर घराला लागत न्हाई. आनायची तर दारातनं आन." मग कुंकवाचा करंडा आणला, बाटलीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण धुऊन घेतलं. त्या झाकणानं चार मापं. पाचवं मागितलं तर भाकरी.

तेव्हापासून हा रिवाज पडला. आम्ही चौघं: जेसीबीवाला अंगद, ठिबकच्या नळ्या विकणारा रविराज, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला अजिनाथ आणि शाळेत इंग्रजी शिकवणारा मी. कुणी नवी बाटली घेतली की मोबाईलवरच्या ग्रुपात फोटो टाकायचा, आणि सील मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशीच्या अंगणातच तोडायचं. आल्याबरोबर गाड्यांच्या चाव्या मावशीकडं जमा. त्या ती पिठाच्या डब्यात पुरून ठेवी. दिवस कलल्यावर, माणूस ओट्यावर सरळ रेषेत चालून दाखवील तेव्हाच पीठ झटकून चावी हातात मिळे.

बाटलीवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगणं हे माझं काम. एकदा मी म्हणालो, "मावशी, ही आयला नावाच्या बेटावरची आहे."

"मास्तर, तोंड सांभाळा. लेकीसुना हायेत घरात."

बेटाचं नाव खरंच तसं आहे हे तिला अजून पटलेलं नाही. पण तिनं बूच नाकाशी धरलं आणि म्हणाली, "ही चुलीपुढं बसून आलीया. आन् वर दवाखान्याची फरशी पुसल्यावानी वास." अजिनाथनं मोबाईलवर कुण्या जाणकार साहेबाचं मत शोधलं. साहेबानं दीड पान खर्चून तेच लिहिलं होतं: धूर आणि औषध. दुसऱ्या एका बाटलीला ती म्हणाली, "हिच्यात मनुका भिजत घातल्या हुत्या." तेही बरोबर निघालं. तिसरीचा वास घेऊन तिनं बूच परत लावलं. "हिच्यात तुमाला फशिवलंय." रविराज आठ दिवस कुणाशी बोलला नाही, कारण तीही त्याचीच होती.

इथवर गंमत. पण या कुंकवामागं एक गोष्ट होती, ती मला अंगदच्या बायकोनं, जयानं सांगितली.

तीन वर्षांपूर्वी मावशीचे मालक रामहरीकाका गेले. वर्ष उलटायच्या आत अंगदनं नवा जेसीबी आणला. दारात हार घातलेली पिवळी गाडी उभी, मावशी सवयीनं करंडा घेऊन पुढं झाली. तेवढ्यात भावकीतल्या कुणा शहाण्यानं तो तिच्या हातातून अलगद काढून जयाच्या हातात दिला. "वैनी, तुमी आता ऱ्हाऊ द्या." मावशी मागं सरून कोंबड्यांना दाणे टाकत बसली. त्यानंतर वस्तीवर शेळी आली, मोटर आली, फ्रीज आला. तिनं करंड्याला हात लावला नाही. मग कडब्यात बाटली सापडली. बाटलीला कुंकू लावायचा मान मागायला भावकीतलं कोण येणार? सगळ्या पंचक्रोशीत मावशीच्या हातचं कुंकू घेणारी तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती दर महिन्याला नव्यानं येत होती.

तर त्या मार्चच्या रविवारी. नारळ नेहमी अंगद फोडायचा. त्या दिवशी मावशीच म्हणाली, "आज मास्तरला मान द्या." त्याआधी तिनं रविराजची बाटली कौतुकानं फिरवून पाहिली होती.

"किती वर्साची म्हनला?"

"अठरा, मावशी!"

"म्हंजी लग्नाला आली म्हना."

आणि लग्नाआधीच ती गेली. सोनेरी ओघळ सारवणात जिरत होता. अजिनाथ फौजी माणूस; त्यानं पहिला हुकूम सोडला, "वाकून वास तरी घ्या रे!" रविराज खरोखर गुडघ्यावर बसला. एक तांबडी कोंबडी त्याच्याही आधी पोचली, चार चोची मारून बैलगाडीखाली गेली आणि दिवस मावळेपर्यंत एका कुशीवर पडून राहिली.

रविराज उठला तो लालबुंद होऊन. "ट्रॅक्टर हाय का हा नारळ फोडायला? दारूला कुंकू लावत्यात व्हय कुठं? सगळा अपशकुन करून ठिवला!"

शब्द त्यानं माझ्यावर फेकला होता. लागला दुसरीकडं. मावशीनं करंड्याचं झाकण लावलं आणि आत निघून गेली. भाकरी जयानं वाढली.

पुढच्या बैठकीसाठी रविराजनं ग्रुपात लिहिलं, 'नगरला भरवू. हॉटेलमालक आपलं गिऱ्हाईक आहे. एसी हॉल.' आम्ही तिघांनी होकाराचे अंगठे टाकले. अंगदनं घरी सांगितलं, तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "बरं."

एप्रिलचा पहिला रविवार. भरपाई म्हणून मी बाटली घेतली होती. अठराची मिळाली नाही, पंधराची मिळाली. रविराजची गाडी आठवड्याभरापूर्वीच घेतलेली, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. पण नगरला पोचेपर्यंत तिचा एसी बंद पडला आणि एक चाक बसलं. आम्ही घामानं निथळत एसी हॉलात शिरलो.

हॉल देखणा होता. पांढरं कापड, उंच ग्लास, बर्फाला वेगळं भांडं, भांड्याला वेगळा चिमटा. मधोमध माझी पंधरा वर्षांची. मी म्हणालो, "रविराज, तुझी भरपाई आहे. तू उघड."

"तुमच्या पैशाची हाय सर. तुमी उघडा."

"अजिनाथ?"

"मी शीनियर हाय. मी शेवटी."

अंगद खिडकीतून रस्त्यावरचे जेसीबी मोजत होता. मसाला पापड आले, मऊ पडले. शेंगदाणे संपले. बाटलीला कुणी बोट लावेना. कुणाचं म्हणणं ती जरा गार होऊ द्या, कुणाचं म्हणणं उजेड फार आहे. खरं काय ते चौघांनाही ठाऊक होतं, पण शिकले-सवरलेले, एक तर सरहद्दीवर राहून आलेला, म्हणणार कोण? शेवटी वेटर पाणी ओतायला वाकला, तेव्हा अजिनाथनं त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "कुंकू असंल का रं हाटेलात?"

वेटरनं प्रामाणिकपणे विचार केला. "टोमॅटो सॉस आहे, साहेब."

आम्ही रविराजकडं पाहिलं. रविराजनं टेबलाकडं. मग त्यानं बाटली उचलली, पुसली, खोक्यात घातली.

"चला," तो म्हणाला. "उगाच उशीर नको."

इकडं वस्तीवर काय चाललं होतं, ते जया सांगते ते असं. मावशीनं सकाळीच अंगण झाडून घोंगडी अंथरली. जयानं विचारलं, "आत्या, आज कुनी येनार न्हाई ना?" तर म्हणे, "घोंगडीला ऊन देती." मग मोठ्या पातेल्यात हुलग्याचं शेंगुळं रटरटायला लागलं. "आत्या, एवढं?" "हुलगं किडाया लागल्यात. संपवावं म्हनलं." अकरा वाजल्यापासून ती पाच वेळा बांधावर जाऊन रस्त्याकडं हात आडवा धरून पाहून आली. पाचव्यांदा जयानं हटकलं, तर म्हणाली, "पाऊस कुठं दिसतूय का बघती." आभाळात ढगाची चिंधी नव्हती.

आमची गाडी परत येतानाही एकदा रुसली. धक्का मारून, धुळीनं माखून आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मावशी ओट्यावर बसलेली. उठली नाही.

"काय रं, नगर बंद हुतं काय आज?"

रविराजनं खोक्यातून बाटली काढली, स्वतः आत जाऊन पाट आणला, त्यावर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, हिला कुंकू ऱ्हायलंय."

"दारूला कुठं लावत्यात?" मावशी म्हणाली. हवालदार अजिनाथनं आपले बूट फार बारकाईनं पाहायला सुरुवात केली.

"चुकलं की. आता तोंडावर कितीदा म्हनायला लावता?"

मावशीनं बाटलीकडं पाहिलं. "किती वर्साची?"

"पंधरा," मी म्हणालो.

"अजून शाळंत हाय म्हना." करंडा आणायला ती आत गेली नाही, तो तिच्या कमरेलाच होता. बाटलीला बोट लागलं. ती झाकण लावणार, तेवढ्यात रविराज खाकरला.

"आन् गाडीला पन लावा."

मावशीचं बोट तसंच हवेत राहिलं. "गाडीला? तुझी कारभारीन हाय की घरी. तिनं लावलं असंल."

"लावलंय. पुरत न्हाई. दोनदा रुसली."

"अन् तुझ्या भावकीनं बघितलं तर?"

"त्यांना म्हनावं, धक्का मारायला या."

मावशी ओट्यावरून उतरली. तीन वर्षांत बाटलीशिवाय कशाला न लागलेलं ते बोट तिनं पदराला उगाच पुसलं, पुन्हा कुंकवात बुडवलं आणि गाडीच्या नाकावर एवढा मोठा टिळा ओढला की खालच्या पाटीवरचा नंबर दिसेना. मग नारळ तिनंच फोडला. मला म्हणाली, "मास्तर, तुमी गाईंच्या पल्याड बसा."

चाव्या पिठात गेल्या. झाकणानं मापं झाली. बूच नाकाशी धरून तिनं निकाल दिला, "पोर गुनाची हाय, जरा वढाळ हाय." आणि शेंगुळ्याच्या वाट्या आमच्यापुढं आल्या, वरून कच्च्या तेलाची धार.

मला राहवेना. जिच्या अंगणात बाटली फोडून मी महिनाभर तोंड लपवत होतो, तिचं मन राखावं म्हणून म्हणालो, "मावशी, एक रविवार आमचा गलका नसता, तर तुम्हालाही जरा शांतता मिळाली असती, नाही का?"

पळी माझ्या वाटीत उपडी करत लंकामावशी म्हणाली, "शांतता काय, मेल्यावर हायेच की."