करडईची राखण

मी लिहावं अशी माझी योग्यता नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. चुकलं तर पोटात घाला. पण गप्प बसलो तर ‘तेलाचं खूळ’ एवढंच लोक म्हणत राहतील, आणि ते मला कबूल नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकत होतो. म्हसवडकडे गावी असलेल्या आईला कॅन्सरवर मिरजेत इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्यातच केस गेले. तिनं दुसरं नाकारलं.

“गाठीसंगं मलाबी जाळतंय ते,” ती म्हणाली. “ज्वारीच्या कडंनं करडई का पेरतो रं आपण? काट्यानं गुरं आत येत न्हाईत म्हणून. तिचं तेल आतून राखण करंल का, बघ तुझ्या कॉलेजात. मग टोचू दे त्यास्नी.”

मिरजेच्या डॉक्टरांकडे मी प्रयोगासाठी औषध मागितलं. ते हसले, पण बाटलीत उरलेलं त्यांनी दिलं. त्या औषधाच्या पाण्यात मी कांद्याला मुळं फुटू दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतली गुणसूत्रं तुटलेली दिसली. दुसऱ्या ग्लासात तेच औषध घेऊन वर करडईचं तेल ओतलं. तिथं तुटलेली फारच कमी! मी धावत सरांकडे गेलो.

“तेल तरंगतं,” सर म्हणाले. “मुळांना लेप बसला, औषध आत गेलंच नाही. ही राखण नव्हे, रेनकोट आहे.”

“फोडणी घाल गड्या, कांदा तयारच हाय!” मागून पोरं ओरडली.

मी पुन्हा केलं. मुळं आधी तेल घुसळलेल्या पाण्यात ठेवली, धुतली, मग औषधात घातली. तूट थोडी कमी दिसली. थोडीच.

“कांदा म्हणजे माणूस नव्हे,” सर म्हणाले.

“नव्हे, सर.” मास्तरांना उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. “पण काहीच होत नाही, हे तरी कुणी तपासलंय? मी परत करणार.”

आईशी खोटं बोलवेना. थोरल्या भावाबरोबर निरोप धाडला: अजून ठाऊक नाही, शोधतोय. तेल भाकरीबरोबर खा, पण इंजेक्शन सोडू नको.

बरेच दिवस घरून काहीच कळलं नाही. मी कांदे लावत राहिलो. एका दुपारी भाऊ स्टँडवरून थेट प्रयोगशाळेच्या दारात आला.

“आयनं टोचून घेतलं रं. तेलाची बाटली पिशवीत घिऊन गेलती. डॉक्टरला म्हणली, ‘माझं पोरगं तपासतंय. तवर तुमी तुमचं काम करा.’”